पिशवीची गोष्ट

परवा पोलादपूरहून भाचीचा फोन आला. "मावशी, आज सलग चार तास मशीनवर बसले!" ती ब्लाउज शिवते. गेलं दीड वर्ष महिन्यातले आठ-दहा दिवस तिला तासातासाला उठावं लागत होतं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, फायब्रॉइड. तेव्हापासून घरात जो तो म्हणे, "दोन मुलं झाली, आता पिशवी काय करायची आहे? काढून टाक."

हे वाक्य मी १९८८ साली ऐकलं आहे. मी तेव्हा सदतीस वर्षांची. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर, सासूबाई आणि आमचे 'हे' यांच्यात ठरलं, मग आत येऊन मला सांगितलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे महिन्याभराने कागद वाचताना कळलं. फळ्यापुढे उभी असताना अंगातून वाफा निघायच्या. मुली विचारायच्या, "बाई, बरं नाही का?" साठीच्या आत मनगट मोडलं. रक्त जायचं थांबलं, हे मात्र खरं. दुसरा काही इलाज असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.

असत होता हो! मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून भाचीसाठी शोधायला बसले. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठींपायी काढावं लागलं, मूल झालं नाही. त्यानंतर या गृहस्थांनी पिशवी शाबूत ठेवून नुसत्या गाठी काढण्याचा ध्यास घेतला. रक्त आवरायला त्यांनी केलेला चिमटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं.

पण मला खरी आवडली ती पॅरिसची गोष्ट. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला धमनीत बारीक नळी घालून ती बंद करायची, हे १९७९ पासून माहीत होतं. डॉ. रॅव्हिना यांनी तीच युक्ती गाठींच्या शस्त्रक्रियेआधी वापरली, उद्देश एवढाच की कापताना रक्त कमी जावं. पण झालं भलतंच. शस्त्रक्रियेची वाट बघणाऱ्या काही बायकांचा त्रासच थांबला आणि त्या म्हणाल्या, आता कशाला कापता? रक्त तुटल्यावर गाठ आपोआप आकसते, हे असं लक्षात आलं. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये सोळा जणींची हकीकत छापून आली. म्हणजे या उपचाराच्या मुळाशी बायकांचा नकार आहे, हे वाचून मी एकटीच हसले. २००४ साली अमेरिकेच्या काँडोलिझा राइस यांनी हाच उपचार घेतला. नुकतीच पन्नाशी झालेली, अविवाहित बाई. परराष्ट्रमंत्रिपदासाठी नाव जाहीर झालं त्याच आठवड्यात!

आणि आपल्याकडे? २०१९ साली बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कोयत्याची उचल घेतलेली, पाळीच्या दिवसात एक खाडा पडला की दंड. तिथेही तेच वाक्य असणार, मुलं झाली ना? एवढे आकडे एका जागी वाचून मी संगणक बंद करून अंगणात जाऊन बसले.

भाचीला म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, आणि पाठवणाऱ्याच्या ओळखीच्यांकडे नको. आम्हा महाडकरांना हे वेगळं सांगायला लागत नाही. इथल्याच डॉ. हिंमतराव बावस्करांना २०१३ साली रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा चेक आला आणि त्यांनी थेट तक्रारच केली होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी कॅन्सर नाही याची खात्री केली. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढणं बरं, म्हणाले. तिला नको होतं. हेही सांगितलं की या उपचारानंतर काहींना पुन्हा काही करावं लागतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पाच वर्षांत साधारण तिघींतल्या एकीला लागलं होतं. भाची दोन रात्री विचार करत राहिली. जावई म्हणाले, "कटकट नको, काढूनच टाकू." ती म्हणाली, "सही मी करणार." मी गप्प बसले, पण आतून फार बरं वाटलं.

मनगटातून नळी घातली, भूल नाही. तासाभरात झालं. पण 'बिनटाक्याचं' म्हणजे बिनदुखीचं नव्हे, हे लिहायलाच हवं. ती रात्र बाळंतपणासारखी गेली. कळा, मळमळ, मग चार दिवस बारीक ताप. गाठ मरते तेव्हा असं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी गाडीतून आणलं, तर महामार्गाच्या खड्ड्यांनी उरलीसुरली कसर काढली. दोन आठवडे माझ्याकडे होती. पेज, नाचणीची आंबील आणि भरपूर झोप. तिसऱ्या पाळीला फरक दिसला. हिमोग्लोबिन आता साडेदहा आहे.

गाठ किती आकसली ते दिवाळीनंतरच्या सोनोग्राफीत कळेल. माझी दोन ब्लाउजपिसं तिच्याकडे पडून आहेत. विचारलं तर म्हणते, "मावशी, गिऱ्हाइकं आधी, तुझा नंबर मागून."