खानापूर तालुका आणि लोकलफंडाचा आणा

जमाबंदीच्या दर रुपयामागे एक आणा अधिक वसूल करून त्यातून रस्ते आणि शाळा चालवाव्यात, हा प्रघात मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास पडला आणि १८६९ च्या कायद्याने तो कायम झाला, तेव्हा कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या काठचा खानापूर तालुका याच इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होता. लोकलफंड या नावाने रूढ झालेली ही पट्टी घेण्याची रीत सरळ होती. वाटणीत मात्र कारकुनांच्या बुद्धीला भरपूर वाव होता. आण्याचे दोन वाटे रस्त्यांच्या सदरात, तिसरा शाळांच्या सदरात. त्याखेरीज तरीचे उत्पन्न निराळे, टोलनाक्याचे निराळे, कोंडवाड्यात शिरलेल्या गुरांच्या दंडाचे निराळे, मुसाफरी बंगल्याचे आणि विद्यार्थ्यांच्या फीचेही निराळे. तालुक्याच्या कमिटीत मामलेदार, बांधकाम खात्याचा अंमलदार आणि शाळाखात्याचा डिपुटी यांच्या पंक्तीला एक इनामदार व कलेक्टरने नेमलेले सहा जमीनधारक बसत. पण शाळेच्या सदरातील शिल्लक ओढ्यावरील मोरीला लावावी, असे त्या सहांच्या मनात आले, तरी ती वाट कायद्यानेच बंद होती.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकलबोर्डाचा कायदा आला, आणि तालुका बोर्डांत लोकनियुक्त सभासद दिसू लागले. तरीही मूळ व्यंग तसेच राहिले, कारण आणा शेतसाऱ्यावर बसलेला. अथणी किंवा परसगड यांसारख्या काळ्या जमिनीच्या तालुक्यांत सारा अधिक, म्हणून आणाही अधिक. खानापुरात पश्चिमेस घनदाट अरण्य, पावसाचे थैमान, लागवड तुटपुंजी, आणि अरण्याचे उत्पन्न तर थेट सरकारजमा. ज्या तालुक्याला पुलांची निकड सर्वांत मोठी, त्याच्याच फंडाची थैली हलकी, हा हिशेब कोणाही व्यवहारी माणसाला उफराटा वाटावा.

सदरांच्या या जंजाळाचा उबग खुद्द सरकारलाही आलेला होता. लॉर्ड मेयोने १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, वैद्यक, रस्ते अशी खाती प्रांतांच्या स्वाधीन करून त्यांसाठी ठोक रक्कम देण्याची पद्धत घातली. तोपर्यंत लहानसहान कायम खर्चालाही कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारची मंजुरी लागे. प्रांताला मिळालेली ही मोकळीक प्रांताने तालुक्यापर्यंत पोहोचू दिली नाही, आणि माझ्या मते निधी सदरांना बांधलेला असतो या आजच्या तक्रारीचे मूळ येथेच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी खानापूर म्हैसूर राज्यात गेले, १९५९ च्या म्हैसूर कायद्याने तालुका बोर्डांची घडी बदलली, आणि खानापूर महाराष्ट्रात हवे की म्हैसुरात, या सीमाप्रश्नाच्या धगीत तालुक्याच्या निधीचा विषय साहजिकच मागे पडला. मग १९८९ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगाराच्या दोन योजना एकत्र करून जवाहर रोजगार योजना काढली व पैसा गावपातळीच्या पंचायतींकडे वळविला. कर्नाटकात त्या वेळी १९८७ साली निवडून आलेल्या मंडल पंचायती होत्या. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर दहाव्या वित्त आयोगाने पंचायतींसाठी १९७१ च्या लोकसंख्येवर माणशी शंभर रुपये धरले. चौदाव्याने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून अधिक रक्कम देऊ केली. तालुका व जिल्हा पंचायती वगळल्या, आणि राज्यांमधील वाटपात लोकसंख्येला नव्वद व क्षेत्रफळाला अवघे दहा टक्के वजन ठेवले. विरळ वस्तीच्या अरण्यप्रदेशाला अशा त्रैराशिकात काय पडणार, हे सांगायला गणिती नको.

पंधराव्या आयोगाने तालुका व जिल्हा पंचायतींना पुन्हा पंक्तीत घेतले. पण २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी साठ टक्के बंधित ठेवून ते पाणी आणि स्वच्छता यांना बांधले. तेव्हा सदरे कमी झाली हे खरे. परंतु पावसाळ्यात ओढा ओलांडण्यासाठी साकव मागणाऱ्या जंगलकाठच्या गावाला उरलेल्या चाळीस टक्क्यांतच, गटार, दिवाबत्ती आणि पंचायत कचेरीची दुरुस्ती यांच्यामागे उभे राहून, आपला वाटा मागावा लागला.