बायदेर : द नाइन्थ लाइफ

मार्यूस पेतिपा यांच्या ‘ला बायदेर’ या अभिजात बॅलेची समकालीन नृत्यातील पुनर्रचना. नृत्यरचना चेन्नईत जन्मलेल्या, लंडनस्थित शोभना जयसिंग यांची. पहिला प्रयोग लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील लिनबरी स्टुडिओ थिएटरात २०१५ मध्ये झाला. ‘बायदेर’ म्हणजे भारतीय देवनर्तकी. ही फ्रेंच संज्ञा गोव्यातील कलावंतिणींनाही लावल्या जाणाऱ्या पोर्तुगीज शब्दावरून आली.

मूळ बॅले (सेंट पीटर्सबर्ग, १८७७, संगीत लुडविग मिंकुस) निकिया ही देवनर्तकी, तिचा प्रियकर सोलोर आणि राजकन्या गमझाती यांची शोकांतिका आहे. तिची नायिका भारतीय असली, तरी तिचे नृत्य पूर्णतः युरोपीय बॅलेचे आहे.

जयसिंग यांनी या विसंगतीचा शोध १८३८ मधील एका घटनेपर्यंत नेला. त्या वर्षी पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरम येथील पाच नर्तकी आणि तीन वादक पॅरिसला आणि नंतर लंडनला गेले. त्यांतील सुमारे १८ वर्षांच्या अमनीवर कवी-समीक्षक तेओफील गोतिए यांनी भारावून लिहिले आणि शिल्पकार बार यांनी तिची लघुमूर्ती घडवली. मात्र गोतिए यांच्या वर्णनात नृत्याच्या व्याकरणापेक्षा नर्तकीच्या देहाला व दागिन्यांना अधिक जागा मिळाली. पुढे १८५८ मध्ये त्यांच्याच संहितेवर मार्यूस यांचे बंधू ल्युसियाँ पेतिपा यांनी ‘साकुंतला’ हा बॅले रचला.

या नर्तकी देवळाच्या सेवेतील होत्या, तंजावर दरबारच्या नव्हेत. तथापि त्याच प्रदेशात, तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा बंधूंनी आजच्या भरतनाट्यमच्या प्रयोगक्रमाला आकार दिला होता, आणि खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेले मराठी प्रबंध आहेत. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी हे प्रबंध अभ्यासून रंगमंचावर आणले. पॅरिसने ज्या कलेकडे नवलाईची वस्तू म्हणून पाहिले, तिला शास्त्र, संहिता आणि गुरुपरंपरा होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय जयसिंग यांच्या रचनेचे महत्त्व पुरते कळत नाही.

जयसिंग यांच्या रचनेच्या आरंभी आजचा एक भारतीय तरुण ‘ला बायदेर’ हा बॅले पाहून गोंधळतो आणि त्याचे कथानक मित्राला कळवू लागतो. पुढे तोच देवनर्तकीच्या रूपात पाहणाऱ्यांच्या कुतूहलाचा विषय होतो. ही भूमिका भारतीय अभिजात नृत्यात घडलेल्या सूरज सुब्रमण्यम यांनी केली.

संगीत गॅब्रिएल प्रोकोफिएव यांचे, नेपथ्य टॉम पायपर यांचे.