लाइन

लाइन (स्त्री.; अनेकवचन लाइनी, बोलण्यात लायनी). इंग्रजीतून मराठीत रुळलेले नाम. मुळाशी लॅटिन 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. रांग, ओळ, रेषा, वाट हे शब्द घरात असताना हा पाहुणा आला आणि बहुधा त्यांच्याच संगतीने स्त्रीलिंगी झाला. येथे नालासोपारा परिसरातला वापर प्रामुख्याने घेतला आहे.

विशेषण न लावता 'लाइन' म्हटले की नालासोपाऱ्यात रेल्वेच समजायची. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकल सुटली; तिच्या थांब्यांतले 'नीला' म्हणजेच आजचे नालासोपारा. विजेची गाडी विरारपर्यंत आली ती १९३६ मध्ये, आणि १९५१ मध्ये कंपनीची 'पश्चिम रेल्वे' झाली. तरी माणसे राहतात 'वेस्टर्न लाइनला'. रूळ हाही लाइनच: पूर्व-पश्चिम अशा दुभंगलेल्या गावात 'लाइनीच्या पलीकडे' हा पुरेसा पत्ता ठरतो. 'लाइन क्रॉस करणे' हा मात्र रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'लाइन क्लिअर' हा गाडी सोडण्याचा रेल्वेचा परवाना. बोलण्यात त्याचा अर्थ अडथळा दूर झाला, मग तो साहेबांचा असो वा सासऱ्यांचा.

रेल्वेखालोखाल धंद्याची लाइन. 'मुलगा कुठल्या लाइनीत आहे?' या प्रश्नाला 'वेस्टर्न' हे उत्तर चालत नाही. तेथे कापड, हॉटेल, इलेक्ट्रिक असे काही सांगावे लागते. 'वाईट लाइनीला लागला' यातली लाइन म्हणजे जुनी वाटच. 'पेपरची लाइन टाकणे' हा आणखी एक प्रयोग: पहाटे ठरलेल्या घरांना वर्तमानपत्रे पोचवणे. येथे लाइन म्हणजे रस्ताही नव्हे, गिऱ्हाइकांचा क्रम; ती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताही येते. कोशकारांनी या अर्थाकडे सहसा पाहिलेले नाही.

बांधकामात पाया खणण्याआधी जमिनीवर फक्कीने आखणी करतात तो 'लाइन आउट', आणि विटांचा थर सरळ यावा म्हणून गवंडी ताणतो ती 'लाइनदोरी'. या जोडशब्दात दोरी दोनदा आली आहे, पण गवंड्याचे त्यावाचून अडत नाही.

रांग या अर्थी लाइन 'लावतात', 'लागते' आणि 'मोडतात'. 'लाइन मारणे', म्हणजे प्रेमाच्या आशेने मागे मागे करणे, यात पुढाकार एकाचाच. समोरून प्रतिसाद आला तर ती 'लाइन देणे'. छळ आणि छचोरपणा यांतला फरक हा वाक्प्रचार पुसून टाकतो, हे त्याचे उणे अंग.

पोलीस लाइन, नागपूरची सिव्हिल लाइन्स, कोल्हापूरचा लाइन बाजार ही इंग्रजी अमदानीची नावे आहेत. नालासोपाऱ्याच्या बोलण्याशी त्यांचा संबंध थोडा.

पाण्याची लाइन जमिनीखालून, विजेची खांबावरून. घरातली जाते ती 'लाइट'. खांबावर तुटते ती 'लाइन', आणि ती जोडायला येतो तो लाइनमन. महावितरणने त्याला 'जनमित्र' असे नाव दिले आहे. अंधारात खाली जमलेली माणसे हाक मारतात ती लाइनमनलाच.