संदेशवाहकांचा शोध

मनुष्याने आपल्या शरीराकडे जिज्ञासेने पाहावयास आरंभ केला तेव्हा त्याची दृष्टी प्रथम ज्ञानेंद्रियांवर पडली, हे स्वाभाविकच होते. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही शरीराची उघडी द्वारे. बाहेरचे जग त्यांच्यावाटे आत येते, हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु आत आलेली वार्ता पुढे कोठे जाते, ती कोण वाहून नेते, आणि तिचे उत्तर म्हणून हात मागे घेतला जातो किंवा तोंडास पाणी सुटते ते कोणाच्या आज्ञेने, हे प्रश्न मात्र दीड-दोन हजार वर्षे विद्वानांस पुरून उरले. शरीराच्या अभ्यासाचा इतिहास हा एका दृष्टीने ह्या संदेशवाहकांच्या शोधाचाच इतिहास होय. त्यातील एक प्रकरण, लंडन येथे १९०२ साली घडलेले, आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांचे आयुष्य हुकूम, अहवाल आणि पूर्वाधार ह्यांच्या सहवासात जाते, त्या आमच्यासारख्यांस त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ सापडेल.

मज्जातंतूंचे महत्त्व प्राचीनांस अगदीच अज्ञात होते असे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन ह्याने लोकांसमक्ष एका ओरडणाऱ्या डुकराच्या कंठाकडे जाणारा मज्जातंतू तोडून दाखविला, आणि ते जनावर तत्काळ मुके झाले. वाणीचा उगम हृदयात मानणाऱ्या पंडितांस हे सडेतोड उत्तर होते. दुर्दैव असे की, प्रयोगाच्या बळावर बोलणारा हाच गेलन पुढे प्रमाणग्रंथ होऊन बसला. त्याने वर्णिलेली शरीररचना मुख्यत्वे माकडे आणि इतर जनावरे ह्यांच्या विच्छेदनावर आधारलेली होती. तथापि तेराशे वर्षे युरोपातील विद्यापीठांत ती मनुष्याची म्हणून शिकविली गेली. पादुआ येथील व्हेसालियस ह्याने प्रेते स्वतःच्या हातांनी उघडून १५४३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे त्या अधिकारास तडा गेला.

मज्जातंतूंतून नेमके काय वाहते ह्याविषयी कल्पनांचा सुकाळ होता. देकार्तच्या मते ते पोकळ नळ असून त्यांतून सूक्ष्म असे प्राणद्रव्य वाहत असे. १७९१ साली गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि विजेचा संबंध पुढे आला. १८२२ मध्ये माजांदीने दाखविले की, पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंची मागील मुळे संवेदना आत आणतात आणि पुढील मुळे स्नायूंस आज्ञा नेतात. म्हणजे आवक आणि जावक ह्यांची खाती निरनिराळी आहेत. बर्लिनच्या योहानेस म्यूलरचे मत असे होते की, ह्या संदेशाचा वेग मनुष्यास कधी मोजता येईल असे वाटत नाही. त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० साली तो बेडकाच्या मज्जातंतूत मोजला. तो सेकंदास २५ ते ४० मीटरांच्या दरम्यान भरला. त्याच वर्षी कलकत्ता आणि डायमंड हार्बर ह्यांच्या दरम्यान हिंदुस्थानातील पहिली प्रायोगिक तार टाकली गेली. त्या पिढीस शरीर म्हणजे तारांचे एक विस्तीर्ण जाळे वाटू लागले असल्यास नवल नाही.

ह्या कल्पनेचे सामर्थ्य एवढे वाढले की, शरीरातील प्रत्येक व्यवहार तारेनेच होत असला पाहिजे, हा जवळजवळ सिद्धांत बनला. सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह ह्यांनी पचनक्रियेवर केलेले अजोड काम ह्याच भूमिकेवर उभे होते. अन्नाच्या दर्शनाने कुत्र्याच्या जठरात रस पाझरतो, तो मज्जातंतूंच्या आज्ञेने, हे त्यांनी निर्विवाद दाखविले होते. जठरातील आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरताच स्वादुपिंडातून पाचकरस येतो. तोही मज्जातंतूंच्याच आज्ञेने, असे त्यांचे मत होते.

ह्याविरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. गटिंगन येथील बेर्टोल्ट ह्याने १८४९ सालीच सहा कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला होता. नराचे वृषण काढून टाकले म्हणजे त्याचा तुरा सुकतो, आरवणे आणि झुंजणे थांबते. परंतु तेच वृषण पोटात दुसऱ्या जागी बसविले तर, जुने मज्जातंतू तुटलेले असूनही, तो कोंबडा कोंबड्यासारखाच वागतो. काहीतरी रक्तावाटे जात असले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष होता. हा निबंध अवघा चार पानांचा. जवळजवळ अर्धशतक त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे १८९१ मध्ये मरे ह्याने मेंढीच्या गलग्रंथीचा अर्क टोचून एका रोगिणीस बरे केले, आणि १८९४ मध्ये ऑलिव्हर व शेफर ह्यांनी मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो हे दाखविले. सुटे सुटे कागद होते. ते एका नस्तीत कोणी लावले नव्हते.

हे काम ज्या दोघांच्या हातून झाले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग होत. बेलिस संपन्न घराण्यातील, शांत आणि अतिशय काटेकोर. स्टार्लिंग उतावळा, बोलका आणि धाडसी. बेलिसने स्टार्लिंगच्या बहिणीशी १८९३ साली विवाह केला होता, त्यामुळे मैत्रीस नात्याचीही जोड होती. स्टार्लिंगच्या घराण्याविषयीची एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. त्याचे वडील मुंबईस ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ ह्या पदावर होते. नावात क्लार्क असले तरी ते न्यायखात्यातील मोठे अधिकारपद होते. परंतु कर्ता पुरुष मुंबईस आणि बायकामुले इंग्लंडात, अशी त्या कुटुंबाची स्थिती होती. दूरच्या नोकरीची आणि टपालावर चालणाऱ्या संसाराची चव ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही.

१६ जानेवारी १९०२ रोजी ह्या दोघांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेढा दोन्ही टोकांस बांधून वेगळा केला आणि त्याकडे जाणारे सर्व मज्जातंतू काळजीपूर्वक तोडले. आता उरलेल्या शरीराशी त्या वेढ्याचा संबंध केवळ रक्तवाहिन्यांचा होता. त्यात त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. तारा तुटल्या असल्यामुळे काहीही व्हावयास नको होते. परंतु सुमारे दोन मिनिटांत स्वादुपिंडाच्या नळीतून रसाचे थेंब पडू लागले. हा रासायनिक व्यवहार असला पाहिजे, असे उद्गार स्टार्लिंगच्या तोंडून निघाले. त्याने लगेच आतड्याची आतली त्वचा खरवडून घेतली, वाळू आणि आम्ल घालून ती खलात घोटली, गाळली आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. काही क्षणांतच स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागले. त्या अज्ञात द्रव्यास त्यांनी ‘सिक्रिटिन’ हे नाव दिले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. मज्जातंतू तोडल्यावरही स्वादुपिंड पाझरते, हे ह्या दोघांच्या आधी इतरांनी पाहिले होते. पाव्हलॉव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेतील पोपिएल्स्की ह्यांनी ते नोंदविले होते. फ्रान्समधील लील येथे व्हेर्थाइमर आणि लपाज ह्यांनीही १९०१ साली नोंदविले होते. परंतु तोडता न आलेले काही बारीक मज्जातंतू अद्याप शिल्लक असतील, असे मानून त्यांनी जुन्याच सिद्धांतात नवे निरीक्षण बसविले. त्यांचे डोळे तीक्ष्ण होते आणि हात कुशल होते. पूर्वाधार मात्र इतका भारी होता की, समोरचा पुरावा त्याखाली दबून गेला. बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनी केलेले अधिकचे काम म्हणजे तो एक खल आणि ती एक सुई, एवढेच. पण सारा भेद तेवढ्यात होता.

ही वार्ता पीटर्सबर्गास पोचली तेव्हा पाव्हलॉव्ह ह्यांनी एका सहकाऱ्याकडून तो प्रयोग आपल्यासमक्ष करवून घेतला. त्यांच्या शिष्याने पुढे लिहून ठेवले आहे की, प्रयोग यशस्वी झालेला पाहून ते काही न बोलता आपल्या खोलीत गेले, आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्यांनी मान्य केले की त्या इंग्रजांचेच खरे आहे, सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही. दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, पचनावरील कार्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांस ते कधीच मिळाले नाही. पाव्हलॉव्ह ह्यांची ती अर्ध्या तासाची स्तब्धता आम्हांस त्या पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते.

१९०५ साली दिलेल्या व्याख्यानांत स्टार्लिंगने अशा सर्व रासायनिक दूतांस ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. उद्दीपित करणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ती बनलेली आहे. मराठीत आपण ‘संप्रेरक’ म्हणतो, आणि मूळ अर्थ त्यात चांगला उतरला आहे. मज्जातंतूचा संदेश तारेसारखा, एका ठिकाणाहून निघून नेमक्या दुसऱ्या ठिकाणी जाणारा; संप्रेरक हे परिपत्रकासारखे. ते रक्ताबरोबर शरीराच्या सर्व कचेऱ्यांत फिरते, पण ज्या पेशींजवळ ते वाचण्याची सोय असते त्याच कार्यवाही करतात. इतर ते नुसते पुढे जाऊ देतात.

ह्या यशाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १९०३ मध्ये बेलिसने विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग करून दाखविला. प्रेक्षकांत दोन स्वीडिश तरुणी होत्या. कुत्रा शुद्धीवर होता, असे त्यांनी लिहिले. कोलरिज नावाच्या बॅरिस्टराने तो आरोप सभेत केला, आणि बेलिसने अब्रूनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १९०३ मध्ये निकाल बेलिसच्या बाजूने लागून त्यास २,००० पौंड मिळाले; ते त्याने आपल्या कॉलेजास संशोधनासाठी देऊन टाकले. परंतु एकाच जनावरावर दोनदा प्रयोग करण्यास १८७६ च्या कायद्याने मनाई असता आपण तसे केले, ही कबुली साक्षीत स्टार्लिंगला द्यावी लागली. १९०६ साली बॅटरसी येथे त्या कुत्र्याचा पुतळा उभारला गेला, १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंगे केले, आणि १९१० मध्ये पुतळा रातोरात हलविण्यात आला. १९८५ साली तेथे नवा बसविला गेला. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर आम्हांस असे वाटते की, ज्ञान मिळाले म्हणून त्याचे मूल्य कोणी चुकते केले हे विसरण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाही.

कारण ते ज्ञान थोर होते, ह्यात संशय नाही. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी स्वादुपिंडातूनच इन्शुलिन मिळविले, तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच. आणि जानेवारी १९२२ मध्ये ते मरणाच्या दारी असलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलास टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांस मधुमेह म्हणजे थोड्या काळात ठरलेला मृत्यू होता.

पुढील संशोधनाने तार आणि परिपत्रक ह्यांतील भिंतही पाडली. १९२१ मध्ये ऑटो ल्योव्ही ह्याने दाखविले की, मज्जातंतू स्वतःच आपल्या टोकाशी रसायन सोडून हृदयास आज्ञा देतो. मेंदूच्या तळाशी असलेला एक लहान भाग रासायनिक दूत पाठवून ग्रंथींवर हुकमत चालवितो, हे सिद्ध केल्याबद्दल गिलमँ आणि शॅली ह्यांस १९७७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तान्हे मूल स्तनास तोंड लावते तेव्हा त्या स्पर्शाची वार्ता मज्जातंतूंनी आईच्या मेंदूत जाते. मेंदू रक्तात ऑक्सिटोसिन सोडतो. आणि दूध वाहू लागते. स्पर्शापासून संप्रेरकापर्यंतचा सारा प्रवास त्या एका घटनेत आहे, आणि पान्हा फुटणे हा शब्द आपल्या बायकांस शरीरशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

ज्या नस्तीवर ‘पूर्वी असे ठरले आहे’ हा शेरा असतो, ती पुन्हा उघडून पाहण्याचे कष्ट कचेरीत सहसा कोणी घेत नाही. विद्येच्या क्षेत्रातही क्वचितच कोणी घेतो. १९०२ च्या जानेवारीत ते दोघांनी घेतले, आणि ज्याचा सिद्धांत खोटा ठरला त्याने ते मान्य करण्यास अर्धाच तास लावला.