डांबरावरून मातीकडे : सातपूरच्या वाटेवरून सायकलचा इतिहास

१/ नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने पश्चिमेस निघाले की सातपूरची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि बेळगाव ढगा, महिरावणी ओलांडत रस्ता अंजनेरीकडे जातो. या डांबरी रस्त्याला जागोजागी मुरमाड वाटा फुटतात. रस्त्यावर वर्षानुवर्षे घडलेला सायकलस्वार अशा वाटेवर वळतो, तेव्हा त्याचे किती कौशल्य त्याच्यासोबत येते? सायकलच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे.

२/ रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये नाशिकचे नाव मोठे आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकस्थित लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.

३/ एवढा पल्ला गाठणाऱ्याला टेकडीवरची चार किलोमीटरची वाट ती काय अवघड, असे कोणालाही वाटेल. ही समजूत जुनी आहे, आणि चुकीचीही. गंमत अशी की माउंटन बाइकच्या जन्मकथेतली प्रमुख माणसे रस्त्यावरचे मुरलेले शर्यतपटूच होती.

४/ मुळात गुळगुळीत रस्ता हाच सायकलच्या इतिहासात उशिरा आलेला पाहुणा. १९१० मध्ये ‘तूर द फ्रान्स’ पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले घाटावर चढली, तेव्हा ती वाट दगडमातीची होती. त्या वर्षीचा विजेता ओक्ताव्ह लापीझ याला घाटात काही अंतर सायकल ढकलत चालावे लागले. न उतरता घाट चढणाऱ्या गुस्ताव्ह गारिगूला त्याबद्दल १०० फ्रँकचे बक्षीस मिळाले.

५/ हाच लापीझ १९०७ मध्ये फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता होता. शेतांतून, चिखलातून, प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावण्याचा हा प्रकार. त्याची फ्रान्समधली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ ची. हिवाळ्यात रस्त्याच्या शर्यती थंडावत, तेव्हा शर्यतपटू अंग तयार ठेवण्यासाठी मातीत उतरत.

६/ पुढचा अध्याय कॅलिफोर्नियातला. १९७० च्या दशकात मरीन परगण्यात गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही तरुण मंडळी ‘वेलो क्लब तामालपाय’ या रस्त्यावरच्या सायकल क्लबात होती. शर्यतीसाठी त्यांच्याकडे हलक्या, सडपातळ सायकली होत्या. डोंगर उतरायला मात्र त्यांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरांच्या, वजनदार श्विन सायकली भंगारातून शोधून काढल्या.

७/ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आत, उतार सुमारे ४०० मीटरचा. उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले ‘रिपॅक’. पहिल्या दिवशी अ‍ॅलन बाँड्स जिंकला. तो पडला नाही म्हणून जिंकला, अशी आठवण सांगितली जाते.

८/ या सायकली उतरत छान, पण चढत नसत. फिशरने आपल्या जुन्या श्विनवर गिअर आणि दणकट ब्रेक बसवले. ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठीच खास सांगाडा घडवला. १९७९ मध्ये फिशर व केली यांनी टॉम रिची या सांगाडे घडवणाऱ्या शर्यतपटूसह व्यवसाय उभारला. १९९६ मध्ये अटलांटाला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

९/ या मंडळींना जे मातीने शिकवले, तेच आज प्रत्येक रस्तेवाल्याला नव्याने शिकावे लागते. रस्त्यावर तीव्र चढ आला की तो सवयीने पायडलवर उभा राहतो. मुरमावर तसे केले की वजन पुढे जाते आणि मागचे चाक जागीच घसरते. तिथे बसून, हलक्या गिअरमध्ये, दोन्ही चाकांवर भार सांभाळत चढावे लागते.

१०/ उतारावर याच्या उलट. रस्त्यावर अंग आवळून वाकणे फायद्याचे. दगडांवर मात्र सीटवरून उठून, कोपर-गुडघे सैल ठेवून सायकलला अंगाखाली हलू द्यावे लागते. नजर चाकापुढच्या दगडावर नको, पुढच्या वळणावर हवी. रस्त्याच्या टायरमध्ये ८०-१०० पीएसआय हवा भरणाऱ्याला २०-३० वर समाधान मानावे लागते, कारण मऊ टायरच जमीन धरून ठेवते.

११/ मग रस्त्यावरची वर्षे वाया जातात का? नाही. छाती, मांड्या, लय आणि लांब पल्ल्याचा संयम सोबत येतो. हे देणेघेणे दोन्ही बाजूंचे आहे. १९९१ चा माउंटन बाइक विश्वविजेता जॉन टोमॅक रस्त्याच्या व्यावसायिक संघाकडूनही खेळला. माउंटन बाइकचा विश्वचषक १९९८ व १९९९ मध्ये जिंकणाऱ्या कॅडेल इव्हान्सने २०११ ची ‘तूर’ जिंकली.

१२/ आता पुन्हा सातपूर. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथे कारखान्यांची वसाहत वाढली. अशा वसाहतींमध्ये कामगार पाळीवर येत ते काळ्या, दणकट, बिनगिअरच्या सायकलीवर. हँडलला डबा अडकवून, गावाकडच्या कच्च्या वाटेने. त्याला कोणी क्रीडाप्रकार म्हटले नाही. पण खड्डा टाळणे, ओल्या मातीत तोल सावरणे आणि गरज पडली की निमूट उतरून ढकलणे ही विद्या त्याच्या अंगवळणी होती.

१३/ त्यामुळे सातपूरहून मुरमाच्या वाटेवर वळणारा सायकलस्वार काही परके करत नाही. पावसाळ्यात निसरडा होणारा काळा कातळ आणि उन्हाळ्यात चाकाखालून निसटणारे खडे हेच त्याचे गुरुजी. वाट मात्र त्याच्या एकट्याची नव्हे. गुरे घेऊन येणाऱ्या माणसाला आधी जागा द्यायची, हाही तिथला पहिला धडा.

१४/ खरी अडचण पायांची नसतेच; मानाची असते. शेकडो किलोमीटर सहज कापणाऱ्याला एका छोट्या ओघळीपाशी उतरावे लागते, आणि कालपरवा शिकलेला पोरगा शेजारून निघून जातो. रिपॅकवर धुळीत लोळलेले शर्यतपटू दुसऱ्या खेपेस पुन्हा वर गेले. तूरमाले चालत चढलेला लापीझ ‘तूर’ जिंकला. सायकलच्या इतिहासात उतरून ढकलणे ही हार कधीच नव्हती.