पेल एल, परमिट रूम आणि मोहाची फुलं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बिअर म्हणजे थंडगार, पिवळी, स्ट्राँग. तिला चव असते की नाही, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ती गार असली की झालं. त्यामुळे पुण्यात पहिल्यांदा हॉप्सवाली क्राफ्ट पेल एल पुढ्यात आली, तेव्हा मी आधी वास घेतला आणि चक्रावलो. संत्र्याची साल नखानं सोलावी तसा वास, मागे पिकलेल्या पेरूचा. रंग जुन्या तुपासारखा. पहिल्या घोटात माल्टची पोळीसारखी भाजकी गोडी, आणि ती संपते न संपते तोच जिभेच्या मुळाशी कडू. पाडव्याला कडुलिंबाचा पाला चावल्यावर मागे उरतं तसं. हे कडूपण आलं कुठून, हे शोधता शोधता मी परत वऱ्हाडात येऊन पोचलो.

कडूपण हॉप्सचं. ही भांगेच्या कुळातली वेल. तिची मादी फुलं बिअरमध्ये उकळतात. त्यातली आम्लं कडू तर असतातच, शिवाय बिअर आंबवून नासवणाऱ्या जिवाणूंना रोखतात. अठराव्या शतकात लंडनहून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, काही महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला लागायचं. म्हणून उष्ण देशांकडे जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालायची रीत पडली. 'इंडिया पेल एल' कुणा एका इंग्रजानं हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट मात्र दंतकथाच. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा, हे त्याच्या यशाचं खरं गुपित. पुढे त्यानं आखडूपणा केला, तेव्हा १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसपनं तशीच बिअर बनवली आणि बाजार खेचून घेतला.

प्यायचं कोण? गोरे अधिकारी आणि व्यापारी. साधा गोरा शिपाई बहुतेक काळी पोर्टर प्यायचा. म्हणजे पेल एल तेव्हाही वरच्या पगाराचीच होती.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि खामगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटाही आला. कापूस मुंबईला, तिथून मँचेस्टरला. बुलढाण्याच्या थंड टेकडीवर साहेबाची कचेरी होतीच. साहेबाच्या टेबलावरच्या बाटलीची किंमत शेवटी याच काळ्या जमिनीतून निघत होती.

त्याच काळात सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, कोरकू, भिलाला, निहाल लोक मोहाची फुलं वेचत होते. चैत्राच्या पहाटे ही फुलं आपोआप गळतात, वाळवली की वर्षभर टिकतात. त्यांची भाकरी होते आणि दारूही. या दारूवर सरकारची नजर पडली ती महसुलासाठी. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून ठरावीक ठिकाणीच दारू गाळायची, विक्रीचे परवाने द्यायचे, अशी रीत पक्की झाली. १८९२ च्या कायद्यानं तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं साठवण्यावरच बंधनं आली. वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता, पण परवाने आणि दुकानांचे लिलाव इथल्या लोकांनाही चुकले नाहीत.

दारूला विरोधही आतूनच झाला. १८८० मध्ये पुण्यात नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. आजही गावातल्या बायका मतदान करून 'आडवी बाटली' निवडतात आणि दुकान बंद पाडतात. त्यांच्या घरात दारूनं काय केलंय, हे ठाऊक असताना मोहाच्या भट्टीची गाणी गायला माझी जीभ वळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढे विदर्भालाही लागू झाला. दारू प्यायची तर परवाना हवा. म्हणूनच आपल्या बारवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. बंदी सैल झाली, पाटी राहिली. कागदोपत्री बिअर प्यायलाही आजवर परवाना आणि वयाची २१ वर्षं लागतात.

आणि माझ्या ग्लासातली पेल एल? ती साहेबाची नव्हेच. गार लागरच्या लाटेत इंग्रजी पेल एल मागे पडली. १९७० नंतर अमेरिकेतल्या छोट्या भट्ट्यांनी कॅस्केडसारखे संत्र्याच्या वासाचे हॉप्स वापरून तिला नवा जन्म दिला. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि क्राफ्ट बिअर आपल्याकडे रुळू लागली.

क्राफ्ट म्हणजे काय तर छोटी भट्टी, जवळचा माल, बनवणाऱ्याच्या हाताची चव. या व्याख्येत सातपुड्यातली मोहाची भट्टी चपखल बसते. फरक इतकाच की पुण्यातल्या भट्टीचा परवाना भिंतीवर चौकटीत लावतात आणि संग्रामपूरकडच्या भट्टीवर धाड पडते. पेल एलला माझ्याकडून दहापैकी आठ गुण. वास अप्रतिम, शेवट थोडा जास्त कडू. मोहाला गुण द्यायचे, तर आधी ती उघड्यावर, तपासलेली, मापात मिळायला हवी.