उतारावरील पाया आणि कातळाची पारख

जीर्णोद्धाराचे काम निघाले की कळसाला व सभामंडपाच्या फरशीला देणगीदार लवकर मिळतात. पायात गेलेला पैसा मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. डोंगरउतारावरील देवालयाचे आयुष्य ठरते ते मात्र तेथेच.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगरात वरून खाली कोरीत नेले गेले. त्याला वेगळा पाया असा नाहीच. चिरे रचून देऊळ उभारणाऱ्यांना ही सोय नव्हती. त्यांना आधी मातीखालचा कातळ गाठावा लागे. हेमाडपंती म्हणविल्या जाणाऱ्या देवळांत (त्यांतील अंबरनाथ तर हेमाद्रिपंडिताच्याही आधीचे, शिलालेख शके ९८२ चा) दगड चुन्यावाचून एकमेकांत बसविलेले असतात. पायाचा एक कोपरा खचला तरी वरचे सांधे सुटू लागतात.

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाला. हे थर बहुतांशी आडवे. म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. शेजारच्या ओढ्याच्या काठाला किंवा विहिरीत ज्या पातळीवर पाषाण उघडा असेल, त्याच सुमारास तो उताराच्या मातीखालीही सापडण्याचा संभव असतो.

फसगत होते ती धोंड्यामुळे. हा खडक झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो. भोवती मुरूम होतो आणि मध्ये गोल, टणक धोंडा उरतो. पहार मारली तर तोही खणखणतो! म्हणून पहार एका जागी अडली एवढ्यावर कातळ लागला असे समजू नये. हातभर अंतरावर पुन्हा मारावी, चारही कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत, लागलेला दगड कडेने मोकळा करून पाहावा. बाजूने पहार खाली गेली तर तो धोंडाच. डोंगराकडील अंगाला खडक दोन हातांवर आणि दरीकडे दहा हातांवर, असेही आढळते. अर्धी भिंत खडकावर व अर्धी भरावावर घेतली की तडा ठरलेला. खडकाचा माथाच उतरता असेल तर त्यात पायऱ्या फोडून बैठक सपाट करावी लागते.

कातळ लागला तरी वरच्या डोंगराकडे पाहणे सुटत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर पावसाने भिजलेला डोंगरउतार कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडी येथेही दरडीखाली घरे गाडली गेली. जमिनीला पडलेल्या लांब भेगा, बुंध्याशी वाकलेली झाडे, पावसाळ्यात एकाएकी गढूळ झालेला झरा, यांपैकी काही दिसल्यास पायाचे काम थांबवून भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी करून घ्यावी.